हॅकिंटॉश: एक्स्पोर्ट चालू असताना रीस्टार्ट, स्लीपमध्ये टाकलं की लगेच जागा. दोष सिस्टिमचा की यंत्राचा?

धडपड्या

स्वतः जोडलेला डेस्कटॉप आहे, त्यावर ओपनकोअर या बूटलोडरने मॅकओएस व्हेंच्युरा चालवतोय, म्हणजे हॅकिंटॉश (ॲपलच्या नसलेल्या यंत्रावर मॅकओएस). आय५-१०४००, झेड४९० बोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या १६-१६ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी. एसएमबायोस, म्हणजे मॅकओएसला सांगितलेली यंत्राची ओळख, आयमॅक२०,१. काम म्हणजे व्याख्यानांचे लांबलचक व्हिडिओ कापायचे आणि आवाज साफ करायचा.

छोटी क्लिप बिनतक्रार एक्स्पोर्ट होते. तासाभराचं व्याख्यान लावलं की एक्स्पोर्टची प्रगती दाखवणारी पट्टी कुठेतरी अडकते. माउसचा बाण हलत राहतो, गाणं लावलेलं असेल तर थोडा वेळ तेही वाजतं, पण कशावरही क्लिक केलं की रंगीत चक्र फिरायला लागतं. थोड्या वेळाने मशीन आपणहून रीस्टार्ट. उठल्यावर ‘अडचणीमुळे संगणक पुन्हा सुरू झाला’ ही खिडकी.

दुसरी तक्रार स्लीपची. स्क्रीन जाते, पंखे थांबतात आणि लगेच पुन्हा सगळं चालू.

सिस्टिम नव्याने टाकून पाहिली, फरक शून्य. ज्याला विचारावं तो म्हणतो, कंपनीचा पाठिंबा नसलेल्या यंत्रावर हे असंच चालायचं. मला ते पटत नाही, कारण एरवी दिवसभर मशीन उत्तम चालतं. सुरुवात कुठून करू?

चौकट

आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (मेमरी तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा. १०४०० ला इंटेलने अधिकृतपणे डीडीआर४ २६६६ पर्यंतच पाठिंबा दिलाय. ३२०० म्हणजे ओव्हरक्लॉकच झाला, पाकिटावर काहीही छापलेलं असो. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (मेमरीची चाचणी) रात्रभर चालवा. लिलू (मॅकओएसला पॅच लावणारा केक्स्ट, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा) आणि त्याचे सगळे प्लगइन एकाच वेळच्या आवृत्तीचे आहेत ना, तेही बघा. एनव्हीएमई ड्राइव्हसाठीचा केक्स्ट एनव्हीएमईफिक्स टाकलाय का?

धडपड्या

एक्सएमपी बंद करून मेमटेस्ट चालवला, एकही चूक नाही. एक्स्पोर्ट तरीही तसाच पडतो. केक्स्ट सगळे ताजे आहेत आणि एनव्हीएमईफिक्स पहिल्यापासून आहे.

निळीशाई

धडपड्या, तुमचं ‘पटत नाही’ मला फार आवडलं. ‘पाठिंबा नाही, म्हणून पडतं’ हे निदान नव्हे. पडण्यामागे कुठलातरी एक भाग असतो आणि बहुतेक वेळा तो आपलं नाव लिहून जातो.

आधी दोन्ही तक्रारी वेगळ्या करा. ताप आणि मुरगळलेला पाय एकाच गोळीने बरे होत नाहीत. स्लीप तूर्त बाजूला ठेवा, सेटिंगमधून बंदच करून टाका.

आता रीस्टार्टकडे. तुमच्याकडे ती खिडकी येते, म्हणजे हा कर्नल पॅनिक आहे, सिस्टिमच्या गाभ्यानेच हात टेकलेत. वीजपुरवठा कोलमडला असता तर मशीन क्षणात काळं झालं असतं आणि उठल्यावर कसलाही अहवाल मिळाला नसता. त्यामुळे पॉवर सप्लाय बदलायची घाई नको. झेड४९० वर एनव्हीरॅम (मशीन बंद झालं तरी नोंदी जपणारी मेमरी) मूळचाच चालतो, तेव्हा अहवाल जपून ठेवलेला असणार. कन्सोल उघडा, डायग्नोस्टिक रिपोर्ट्समध्ये पॅनिकची फाइल शोधा आणि वरच्या चार ओळी इथे टाका. खालची केक्स्टची लांब यादी नको, ती त्या वेळी लोड झालेल्या सगळ्यांची असते, आरोपींची नव्हे. त्या यादीत लिलूचं नाव बघून लोक लिलूच काढून टाकतात!

शिवाय बूट-आर्ग्युमेंटमध्ये (बूट होताना सिस्टिमला द्यायच्या सूचनांत) ‘कीपसिम्स’ १ करा, म्हणजे आकड्यांच्या जागी फंक्शनची नावं दिसतील.

तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बाण हलतो, गाणं वाजत राहतं, पण क्लिक केलं की सगळं अडतं. म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, स्क्रीन जिवंत आहे, मेमरीत आहे तेवढं चालतंय. डिस्कवरून काही आणायची वेळ आली की गाडी थांबते. माझा संशय एसएसडीवर आहे, पण अहवाल बघितल्याशिवाय काही बदलू नका.

धडपड्या

ताई, मिळाली फाइल. पहिल्याच ओळीत ‘एनव्हीएमई: फेटल एरर ऑकर्ड’ आणि पुढे सीएसटीएस बरोबर, शून्य-एक्सनंतर ओळीने आठ एफ. जुन्या फाइलींमध्येही हेच आहे.

निळीशाई

सापडलं. सीएसटीएस म्हणजे ड्राइव्हच्या कंट्रोलरचं ‘माझी स्थिती काय’ हे सांगणारं ३२ बिटांचं रजिस्टर. त्यात खरोखर आठ एफ, म्हणजे बत्तीसच्या बत्तीस बिट १, असं उत्तर ड्राइव्ह कधी देत नाही. पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे ड्राइव्ह ज्या बसने (जोडमार्गाने) बोर्डाला जोडलेला असतो तिच्यावर, समोरून कुणी उत्तरच दिलं नाही, तर वाचणाऱ्याच्या हाती सगळे एक पडतात. म्हणजे सिस्टिमने हाक मारली तेव्हा एसएसडी बसवरून गायब झालेला होता. आणि ज्या डिस्कवर सिस्टिम आहे तीच गेली, तर पॅनिकशिवाय कर्नल दुसरं काय करणार?

आता तो का गायब होतो ते शोधायचं, आणि त्यासाठी मॅकओएस बाजूला ठेवायचा. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा. हातातल्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग ड्राइव्हवर एक छोटं रिकामं पार्टिशन करून त्यावर दोन प्रकारे लिहा: एकदा एकच अवाढव्य फाइल सलग, आणि एकदा तुकड्यातुकड्याने, मध्ये काही सेकंद थांबत. शेजारी कर्नलचा लॉग उघडा ठेवा आणि ड्राइव्हचं तापमान बघत राहा. लिनक्समध्येही ड्राइव्ह पडला, तर मॅकओएस निर्दोष सुटला. नाही पडला, तर केक्स्टकडे वळू.

धडपड्या

सलग लिहिताना काहीच झालं नाही, तापमानही आटोक्यात. थांबत थांबत लिहिताना मात्र पडला! लॉगमध्ये ‘कंट्रोलर इज डाउन’ आणि पुन्हा तेच आठ एफ. त्याखाली लिनक्स मलाच विचारतोय की तुमच्या ड्राइव्हचा पॉवर सेव्हिंग मोड बिघडलेला आहे का. बूटच्या ओळीत घालायला पर्यायही छापलाय.

चौकट

वा! गरम होऊन पडतोय असं मला वाटलं होतं, स्लॉट बदला म्हणून लिहिणारच होतो. स्लॉट बदललाच तर मॅन्युअल वाचून बदला. बऱ्याच झेड४९० बोर्डांवर एक एम.२ स्लॉट फक्त अकराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर चालतो. त्यात ड्राइव्ह टाकला तर तो दिसणारच नाही आणि नवीनच घोळ होईल.

निळीशाई

हे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. सतत राबताना ड्राइव्ह ठीक असतो. थोडं लिहून थांबला की तो कमी विजेच्या स्थितीत जातो, म्हणजे डुलकी घेतो, आणि त्या डुलकीतून कधीकधी उठत नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टमध्ये नेमकं हेच घडतं: ग्राफिक्स कार्ड फ्रेम तयार करेपर्यंत ड्राइव्ह रिकामा, मग एक तुकडा लिहायचा, पुन्हा रिकामा. छोटी क्लिप अशा फार डुलक्या लागण्याआधी संपते, तासाचं व्याख्यान संपत नाही.

मॅकओएसमध्ये या डुलक्या कोण लावतं? एनव्हीएमईफिक्स. ॲपलच्या नसलेल्या ड्राइव्हना आपणहून कमी विजेत जायला लावणं, हेच त्याचं मुख्य काम. चांगल्या ड्राइव्हवर त्याने वीज वाचते आणि ड्राइव्ह थंड राहतो, म्हणून सगळे तो सुचवतात. लिनक्स तेच काम स्वतः करतो, म्हणून दोन्हीकडे लक्षण एकच.

एका वेळी एकच बदल करा. लिनक्सने छापलेला पर्याय जसाच्या तसा बूटच्या ओळीत घालून तीच चाचणी घ्या. पास झाली, तर मॅकओएसमध्ये एनव्हीएमईफिक्स बंद करून एक्स्पोर्ट लावा. तोही पूर्ण झाला, तर ड्राइव्ह बनवणाऱ्याचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आलंय का बघा, आणि ते टाकण्याआधी पूर्ण बॅकअप. फर्मवेअर झाल्यावर केक्स्ट परत चालू करून पुन्हा एक्स्पोर्ट करा. ही शेवटची पायरी गाळू नका, नाहीतर फर्मवेअरने खरंच दुरुस्ती झाली की नुसता केक्स्ट काढल्यामुळे बरं वाटतंय, हे कळायला मार्ग उरणार नाही.

धडपड्या

पर्याय घालून लिनक्सची चाचणी पास. एनव्हीएमईफिक्स बंद करून तासाचं व्याख्यान पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलं. नवीन फर्मवेअर होतं, ते टाकलं. केक्स्ट परत चालू केला, लागोपाठ लांब एक्स्पोर्ट लावले, सगळे पूर्ण झाले. पॅनिकची नवी फाइल नाही. ताई, मनापासून आभार. एक्सएमपी चालू करू का परत?

निळीशाई

करा, पण मेमटेस्ट पुन्हा ३२०० वर चालवून. आधीचा निकाल कमी वेगाचा होता, तो इथे धरता येणार नाही.

चौकट

स्लीपचं मी सांगतो. पुन्हा चालू करा, मशीन जागं झालं की टर्मिनलमध्ये पीएमसेटचा (वीज-व्यवस्थापनाच्या आज्ञेचा) लॉग काढा आणि कशामुळे जागं झालं ते वाचा. एक्सएचसी (यूएसबीचा कंट्रोलर) दिसलं तर यूएसबीने उठवलंय. एल कॅपिटनपासून मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मोजतो, आणि निळं यूएसबी ३ पोर्ट दोन धरलं जातं. त्यामुळे पोर्टांचा नकाशा स्वतः बनवावा लागतो. मर्यादा उठवणारी जुनी क्लृप्ती मॅकओएस ११.३ पासून चालत नाही. नकाशात ब्लूटूथचं पोर्ट ‘अंतर्गत’, म्हणजे २५५ प्रकारचं हवं.

धडपड्या

एक्सएचसीच आहे. ब्लूटूथचं पोर्ट नकाशात ३ (बाहेरचं यूएसबी ३) प्रकारचं लागलं होतं, २५५ केलं. आता झोपतो आणि झोपलेला राहतो, फक्त वायरलेस कीबोर्डचा डोंगल लावलेला असला की अजून उठतो.

चौकट

मग जीपीआरडब्ल्यूचा (कुठल्या उपकरणाने मशीन उठवायचं ते सांगणाऱ्या बोर्डाच्या मेथडचा) एसएसडीटी पॅच लागेल. तो घातल्यावर कीबोर्डच्या बटणाने मशीन जागं होणार नाही, पॉवर बटण दाबावं लागेल. चालणार असेल तर तुमची डीएसडीटी (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेला तक्ता) काढून पाठवा, बोर्डावर जीपीआरडब्ल्यू आहे की यूपीआरडब्ल्यू ते बघून सांगतो.