मदत हवी आहे: नवजात बाळांच्या सिकलसेल तपासणीसाठी संशोधन निधी

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यात एका छोट्या दवाखान्यात लहान मुलं तपासतो. इकडे सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) बाळं बहुतेक वेळा आजारी पडल्यावरच कळतात. ताप, हातापायांना सूज, रक्त एकदम कमी. जन्मतःच निदान झालं तर दोन-तीन महिन्यांपासून पेनिसिलिन देता येतं. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे न्यूमोकोकस या जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला होता. एवढं स्वस्त औषध, आणि आपली लेकरं त्यावाचून जातात, हे मला बघवत नाही.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. पण गावातली सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताचा थेंब द्रावणात टाकून करायची साधी तपासणी) नवजात बाळाला चालत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं. टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी यंत्रावरची तपासणी) करावी लागते. थेंब सिस्टर घेतील. अडतं ते पुढे: निदान झालेलं बाळ पाच वर्षं हातातून सुटू न देणं. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले की औषध बंद! निधी हवा आहे तो मुख्यतः या पाठपुराव्यासाठी.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किंवा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे कोणी असा प्रकल्प मांडला आहे का? मेडिकल कॉलेजबाहेरच्या दवाखान्याने सहसंशोधक आणि संशोधनाला मान्यता देणारी नैतिक समिती कुठून मिळवावी? चंद्रपूरच्या आयसीएमआर केंद्रासोबत काम केलेलं कोणी असेल तर जरूर सांगा. मंजूर प्रस्तावाचा एखादा नमुना वाचायला मिळाला तरी फार उपकार होतील.