२०१२ ची की २०१७ ची स्ट्रॅटोकास्टर?

धागाकर्त्यांना फेंडर कंपनीच्या दोन वापरलेल्या स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारींपैकी एक निवडायची आहे, २०१२ ची अमेरिकन स्टँडर्ड आणि २०१७ ची अमेरिकन प्रोफेशनल, आणि आतापर्यंतची चर्चा बहुतांशी पिकअपभोवतीच, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागांभोवतीच, फिरली आहे. पहिलीत ‘फॅट फिफ्टीज’ तर दुसरीत ‘व्ही-मॉड’ पिकअप आहेत हे खरे. परंतु पिकअप पुढे केव्हाही बदलता येतात, नेक (बोटे फिरतात तो गिटारचा लांब दांडा) मात्र सहसा कोणी बदलत नाही, म्हणून निवड हाताला काय सोयीचे लागते त्यावरून व्हावी असे मला मनापासून वाटते. अमेरिकन स्टँडर्डची नेक ‘मॉडर्न सी’ आकाराची, तुलनेने सडपातळ असून तिचे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मध्यम जाड आहेत. प्रोफेशनलची ‘डीप सी’ नेक तळहातात भरीव लागते आणि तिचे अरुंद, उंच फ्रेट तार ओढून स्वर चढवताना बोटांना चांगली पकड देतात, मात्र मूठ घट्ट आवळून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरणाऱ्यांचे स्वर त्यांवर सहज चढे लागतात. प्रोफेशनलमध्ये व्हॉल्यूम कमी केला तरी आवाजाची धार टिकवणारे सर्किटही आहे, जे व्हॉल्यूमच्या बटणाशी सतत खेळणाऱ्यांना फार उपयोगी पडते. व्यवहारापूर्वी पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खाचा पडल्या आहेत का, हे उजेडात तिरके धरून अवश्य पाहावे, कारण नवे फ्रेट बसवण्याचा खर्च किमतीतील फरक सहज गिळून टाकतो.