वास गेलाय, पण मेंथॉलचा गारवा कळतो. असं का?

प्रश्न
सर्दी-ताप होऊन गेल्यापासून मला वासच येत नाही. नाक मोकळं आहे, श्वास नीट जातो. साबण, अत्तर, जळका धूर, काही म्हणजे काही कळत नाही. मेंथॉल हुंगलं की मात्र नाकात गार झोंबतं. मग नाक काम करतंय की नाही? मेंदूला वास कळतो तरी कसा?

उत्तर १
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तुम्ही जे टिपलंय ते फार नेमकं आहे. नाकातून मेंदूकडे दोन वेगळ्या नसा जातात. गारवा, झोंबणं, जळजळ नेते ती ट्रायजेमिनल, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणारी नस. तुमची ती शाबूत दिसते.

वासाचं काम नाकाच्या पार वर, छताशी असलेल्या अस्तराच्या छोट्याशा पट्ट्यात चालतं. तिथल्या चेतापेशींचे बारीक तंतू शेंबडाच्या पातळ थरात बुडालेले असतात. हवेतले रेणू त्या थरात विरघळून तंतूंवरच्या ग्राहींना, म्हणजे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात आणि पेशीतून विजेचा संदेश निघतो. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत आणि साधारणपणे एका पेशीवर एकच प्रकार असतो. एकच रेणू अनेक ग्राहींना कमी-जास्त चेतवतो. कोणकोणते चेतले, त्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो. म्हणून इतक्या कमी ग्राहींवर अगणित वास कळतात, आणि मला हा भाग दरवेळी शिकवताना तितकाच विलक्षण वाटतो! या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

पेशींचे धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागात जातात. एका प्रकारच्या ग्राहीचे धागे तिथे ठरावीक ठिकाणीच एकत्र येतात. पुढे संदेश थॅलॅमसमध्ये, म्हणजे बाकीच्या बहुतेक संवेदना आधी जिथे जातात त्या मेंदूतल्या केंद्रात, न थांबता वासाच्या कॉर्टेक्सकडे (मेंदूच्या बाहेरच्या थराकडे) आणि भावनांशी निगडित अमिग्डालाकडे पोचतो.

उत्तर २
जेवणही बेचव लागत असेल ना? चावताना घशामागून वास वर चढतो, तोच बंद झालाय. गोड-खारट जिभेला कळत राहतं.

प्रश्नकर्ता
अगदी तसंच! परत येईल का?

उत्तर १
बऱ्याच जणांचा येतो. या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास रोज दोनदा लक्ष देऊन हुंगा, निदान तीन महिने. मधल्या काळात ओळखीचे वास विचित्र, घाणेरडे वाटू लागले तर घाबरू नका. मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना आत्ताच दाखवा, आणि घरात गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्या.