ग्रँड बेटाजवळचं डायव्हिंग काही वर्षं बंद ठेवावं का?

दर्याकाठ: गोव्यात मुरगावजवळच्या ग्रँड बेटापाशी पर्यटक स्कूबाला जातात, तिथे तळाला प्रवाळं आहेत. माझ्या मते दोन-तीन हंगाम सगळं बंद करा. बूड टेकून फोटो काढतात तो दगड नसतो, जिवंत पॉलिपांची, म्हणजे इवल्याशा प्राण्यांची, वसाहत असते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तशी प्रवाळंही. वाघावर बसून फोटो काढू देऊ का आपण?

बुडीमास्तर: अहो, पण राग नेमका बोटवाल्यांवरच का? 1998, 2010, 2016 साली लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली, ती पर्यटकांमुळे नव्हे. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर वर गेलं आणि आठवडेच्या आठवडे तिथंच राहिलं, की पॉलिप आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतो. त्याचं बहुतेक अन्न तेच शैवाल बनवतं, रंगही बराचसा त्याचाच. बंदी घालून अरबी समुद्र थंड होणार आहे का? शिवाय मांडवी-झुवारीचा गाळ दर पावसाळ्यात येतोच, तरी आपली प्रवाळं टिकली आहेत.

चिखलीकर: मास्तर, टिकली म्हणून आणखी गाळ उडवायचा? पायातल्या फिन्सनी उडालेली वाळू वर बसली की पॉलिप चिकट स्राव सोडून ती ढकलतो. त्यात ताकद जाते. शैवाल गेलेल्या पॉलिपाकडे ती आणायची कुठून? पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नेमक्या त्या दिवसांत त्याला छळू नये, एवढंच. आणि नांगराचं काय? गोलसर प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. ताटाएवढा कपचा उडाला तर हिशेब तुम्हीच करा.

बुडीमास्तर: नांगराचं शंभर टक्के मान्य. कायमचे बोये बांधा, बोटी त्यांनाच लावायच्या. पण बंदी नको. आम्हीच खाली नसलो तर प्रवाळ पांढरं पडलंय हे सांगणार कोण?

दर्याकाठ: दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे की! बरं, पूर्ण बंदी नको. एप्रिल-मे तेवढे बंद ठेवा, पाणी तेव्हाच सगळ्यात तापतं.

बुडीमास्तर: मे म्हणजे शाळांची सुट्टी, दादा. जूनपासून बोटी तशाही किनाऱ्यावर. खायचं काय आम्ही? एप्रिलचं बोला. तेही ज्या वर्षी पाणी खरंच तापेल त्या वर्षीच.