विषय: आई-बाबा येताहेत – थाई घरी जेवण, देवळं आणि हळदीकुंकू

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात नाशिकहून आई-बाबा आणि आत्या बँकॉकला येताहेत. ग्रँड पॅलेस, वाट फोचं देऊळ आणि जुनी राजधानी अयुथया एवढं नक्की केलंय. शिवाय शेजारच्या थाई कुटुंबाने आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावलंय. त्यांच्याकडे थकलेल्या आजी आहेत आणि एक लहान नात आहे.

आईने फोनवर विचारलं, त्या घरच्या बाईंना हळदीकुंकू लावून ओटी भरली तर चालेल ना? बाबांना आजींच्या पाया पडायचंय. आत्या कडक शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आम्हीही इथे नवे आहोत, त्यामुळे खात्रीने सांगता येईना. इथे जुन्या असलेल्यांनी कृपया सांगावं.

– ऑन नुतहून

*

नमस्कार,

तुझ्या आईचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. पाहुण्या म्हणून येणारी बाई यजमानणीचा मान कसा करायचा याचा आधी विचार करते आहे. तिला अजिबात नाउमेद करू नकोस.

आपल्या लोकांना थायलंड पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटतं. हात जोडून नमस्कार, घराबाहेर चपला, चौकाचौकांत गणपती, एरावनच्या देवळात चतुर्मुख ब्रह्मदेव. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हेसुद्धा सारखंच. यामुळेच आपण गाफील राहतो. जिथे सगळंच निराळं आहे तिथे माणूस विचारून वागतो. इथे हात सवयीने पुढे जातो, आणि नेमका तोच हात डोक्यावर किंवा पायांवर जातो.

डोकं हा इथे शरीराचा सगळ्यात पवित्र भाग आणि पाय सगळ्यात खालचा. आपल्याकडे आजोबा नातवंडाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. शेजारच्या नातीच्या डोक्यावर बाबांनी तसा हात ठेवू नये. घरातली मोठी माणसं ठेवतात, परक्याने ठेवायचा नसतो. तिने हात जोडले की हसून मान झुकवायची, एवढं पुरे.

पाया पडण्याचंही तसंच. थाई मुलं आईवडिलांपुढे जमिनीवर डोकं टेकतात. १२ ऑगस्टला मातृदिनी शाळाशाळांतून मुलं आईच्या पायाशी बसून नमस्कार करतात. म्हणजे भावना त्यांना परकी नाही. पण अनोळखी माणसाने एकदम वाकून पावलांना हात लावला तर आजी दचकतील, पाय मागे घेतील. बाबांनी नीट वाय, म्हणजे थाई नमस्कार, करावा: हात जोडून, अंगठे नाकाच्या शेंड्याशी, बोटांची टोकं भुवयांच्या मध्ये, आणि मान चांगली खाली. एवढ्याने आजींना पूर्ण मान पोचतो. बरोबरीच्या माणसाला करताना अंगठे हनुवटीशी असतात आणि भिक्खूंना करताना भुवयांच्या मध्ये. आधी लहानाने करायचा, मग मोठ्याने उत्तर द्यायचं.

आता हळदीकुंकू. कपाळाला बोट लावायचं म्हणजे डोक्याला हात आलाच. पण इथल्या लग्नांत वडीलधारी मंडळी वधूवरांच्या कपाळावर पांढऱ्या लेपाचे ठिपके लावून आशीर्वाद देतात, नव्या गाडीलाही भिक्खूंकडून तसे ठिपके लावून घेतात. त्यामुळे आईने कुंकवाचा करंडा दाखवून, तुझ्याकडून दोन वाक्यांत अर्थ सांगून, ‘लावू का?’ असं विचारलं तर बाई बहुधा आनंदाने कपाळ पुढे करतील. थोडा जरी संकोच दिसला तर करंडा हातात द्यायचा. ओटीचा नारळ, तांदूळ, कापड दोन्ही हातांनी द्यावं. भेट समोर उघडून पाहिली नाही तर आईला वाईट वाटू देऊ नकोस, इथे ती नंतर उघडायची रीत आहे.

एक विनंती सगळ्यांसाठीच. आवाज. आपण प्रेमाने बोलतानाही चढ्या आवाजात बोलतो, आणि थाई माणसाला ते भांडण वाटतं. दुकानात, टॅक्सीत काही बिनसलं तरी आवाज चढवायचा नाही. चारचौघांत कुणाला खडसावलं की त्याची आणि आपली, दोघांचीही शोभा होते, आणि काम तिथेच अडतं. समोरचा हसतोय म्हणजे त्याला पटलंय असंही समजायचं नाही. नाही म्हणणं अवघड झालं की थाई माणूस हसतो.

– नॉनथाबुरीची काकू

*

काकूंनी घरातलं सगळं सांगितलंच आहे, मी देवळांचं सांगतो. नातेवाइकांना घेऊन माझं तिथे वरचेवर जाणं होतं.

ग्रँड पॅलेसला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. आई-आत्या साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असतील तर प्रश्न नाही. बाबांना बर्म्युडा घालू देऊ नका. वाटेत कुणी गोड बोलून ‘आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो’ असं म्हणालं तर सरळ दारापर्यंत चालत जा. ही जुनी फसवणूक आहे.

ग्रँड पॅलेसमधल्या पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही. तिथे बसताना पाय मूर्तीकडे येता कामा नयेत. थाई लोक दोन्ही पाय एका बाजूला मागे दुमडून बसतात, आपल्या बायका पूर्वी पंगतीला बसत तशा. आत्यांचे गुडघे दुखत असतील तर मागे उभं राहून नमस्कार करावा. पाय पुढे पसरून बसण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. वाट फोचा निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळव्यांवर शिंपल्यात जडवलेली १०८ शुभचिन्हं आहेत, ती चुकवू नका.

भिक्खूंना बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आत्यांना दान द्यायचं असेल तर भिक्खू समोर कापड पसरतात, त्यावर ठेवावं, किंवा बाबांच्या हातून द्यावं. आपण वाय केला की ते उलट वाय करत नाहीत. तो अपमान नाही, तसा नियमच आहे. बीटीएसमध्ये, म्हणजे इथल्या उन्नत रेल्वेत, त्यांच्यासाठी राखीव जागा असते, तिथे बसलात तर उठावं.

सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता राष्ट्रगीत लागतं. बागेत किंवा स्टेशनात लोक थांबले की आपणही थांबायचं. सिनेमाआधी राजगीत लागलं, तर उभं राहावं. राजघराण्याबद्दल मात्र काहीच बोलू नये, ना टॅक्सीत, ना फेसबुकवर. कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे. नोटेवर राजाचा चेहरा असतो, पडलेली नोट पायाने अडवू नये.

काकूंच्या एका मुद्द्यावर थोडी भर. हॉटेलातल्या मुलांनी वाय केला की मान हलवून हसणं पुरतं. पण आईंनी उलट हात जोडले तर थांबवू नका. नियमाप्रमाणे गरज नसली तरी कुणी रागावणार नाही, आणि आईंना नमस्कार राहून गेल्यासारखं वाटणार नाही.

– थोनबुरीहून

*

आत्यांच्या जेवणाबद्दल. ‘मंगसविरत’ म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं येऊ शकतं. आत्यांसाठी ‘किन जे’ म्हणा. त्यात मांस, मासळी, अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ती जागा ‘जे’ जेवणाची. नुसतं चिकन काढून टाका म्हणून चालत नाही. लाल-हिरव्या करीच्या वाटणातच बहुधा कोळंबीची पेस्ट असते, आणि माशाचं पाणी, नाम प्ला, जवळपास सगळ्यात. शेजाऱ्यांना आठवडाभर आधी सांगा. आयत्या वेळी सांगितलंत तर यजमानणीला मनाला लागेल.

जेवताना चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात धरतात, काटा फक्त भात चमच्यावर सरकवायला. पदार्थ मधोमध, सगळ्यांचे मिळून. एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे वाढून घ्यायचे, आपल्यासारखं सगळं एकदम नाही.

– बांग नाहून

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. करंडा दाखवून विचारायचं हे तिला फार आवडलं. आत्यांचं शेजाऱ्यांना आजच सांगितलं. शेवटचं एकच: अयुथयाला झाडाच्या मुळांत जे बुद्धाचं शिर आहे, तिथे बाबांना फोटो काढायचाय. चालतो का?

– ऑन नुतहून

*

चालतो. ते शिर वाट महाथात या देवळात आहे. फोटो खाली बसून काढायचा, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याहून वर जाता कामा नये, तशी पाटीही आहे. १७६७ च्या बर्मी हल्ल्यात अयुथया उद्ध्वस्त झालं, तिथे शिर नसलेल्या मूर्ती पुष्कळ आहेत. त्यांच्या मागे उभं राहून आपलं तोंड त्या जागी आणून फोटो काढणारे प्रवासी दिसतात, तसं कुणाला करू देऊ नका. सकाळी लवकर निघा, दुपारी तिथे सावली फार कमी.

– थोनबुरीहून