अ‍ॅनिमोनची घाई नको

समुद्री माशांच्या नव्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं शून्यावर आलीत, मग आता अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) सोडू का, असं एकाने विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: अजून थांबा. शून्य अमोनिया म्हणजे मासे तग धरतील, एवढंच. अ‍ॅनिमोनला मुरलेली टाकी लागते, आणि त्याला सहा महिने ते वर्ष सहज जातं.

प्रवाळ काय किंवा अ‍ॅनिमोन काय, त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि बरंचसं अन्न तेच प्रकाशावर तयार करून देतं. तापमान किंवा पाण्याचा खारेपणा झपाट्याने बदलला की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्राणी पांढरा पडतो. म्हणून आदर्श आकड्यामागे धावू नका. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) ८ डीकेएच असो वा ९, ती रोज तेवढीच राहू द्या. टाकीतून पाणी उडतं, मीठ नाही. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच घाला. खारेपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५च्या आसपास टिकवायचा तर दुसरा मार्ग नाही.

शिवाय हा प्राणी चालतो! जागा पसंत पडली नाही की सरकत निघतो, वाटेतल्या प्रवाळांना डंख मारतो आणि कधीकधी पंपात खेचला जातो. तसा मेला तर अख्ख्या टाकीचं पाणी नासतं. आधी पंपांना जाळी बसवा. आणि अ‍ॅनिमोनमध्ये राहणाऱ्या क्लाउनफिश माशांसाठीच तो हवा असेल तर खरंच गरज नाही, टाकीत ते त्याच्याशिवायही उत्तम राहतात.