तीन माणसं आणि एकही स्पेससूट नाही: सोव्हिएत ‘पहिलं’पणाचं कौतुक किती करायचं?

खडूस काका

१२ एप्रिल, म्हणजे गागारिनच्या उड्डाणाचा दिवस, आला की दरवर्षी सोव्हिएत अंतराळ-विक्रमांची तीच यादी फिरते. पहिला माणूस गागारिन (१९६१), पहिली बाई तेरेश्कोवा (१९६३), पहिल्यांदा तिघे एकत्र (१९६४), पहिला स्पेसवॉक लिओनोव्हचा (१९६५). गागारिनबद्दल माझं काही म्हणणं नाही. १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून माणूस जिवंत परत आला, तिथे दंडवतच. माझं भांडण यादीतल्या तिसऱ्या नंबराशी आहे.

अमेरिकेचं दोन माणसांचं जेमिनी यान यायच्या बेतात होतं. त्याआधी आपले तिघे वर गेले पाहिजेत, हा हट्ट. नवं यान तयार नव्हतं. मग काय केलं? गागारिन गेला त्या एका माणसाच्या वोस्तोक यानाच्या गोळ्यातून इजेक्शन सीट काढली आणि तीन खुर्च्या आडव्या कोंबल्या. तरी जागा पुरेना, म्हणून स्पेससूटच काढून टाकले! सुरुवातीच्या टप्प्यात रॉकेट बिघडलं तर सुटकेचा मार्गही नाही. सहा दिवस आधी एक रिकामं यान उडवून पाहिलं, तेवढीच परीक्षा. १२ ऑक्टोबर १९६४ ला कोमारोव्ह, फेओक्तिस्तोव्ह आणि डॉक्टर येगोरोव्ह घरच्यासारखे लोकरी कपडे घालून वर गेले. नाव दिलं वोस्खोद, म्हणजे जणू नवीनच यान.

दुसऱ्या दिवशी उतरले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सोव्हिएत सर्वेसर्वा क्रुश्चेव्हची खुर्ची गेली. मॉस्कोत स्वागताला त्याच्या जागी आलेला ब्रेझनेव्ह. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तोच हार घालायला नव्हता.

या प्रकाराला मी पराक्रम म्हणत नाही. एस्टीत चौथ्या सीटवर बसवतात, तसलं आहे हे.

बायकोनूरचा बंड्या

काका, फेओक्तिस्तोव्ह हा प्रवासी नव्हता, ते यान बनवणाऱ्यांपैकी इंजिनिअर होता. आपण केलेल्या डब्यात स्वतः जाऊन बसला. आपल्याकडे पूल बांधणारा त्याखाली उभा राहतो का?

आणि सूटचंच म्हणाल तर १९८२ च्या अखेरीपासून चॅलेंजर यान फुटेपर्यंत अमेरिकन शटलमध्ये तरी कुठे दाबाचे स्पेससूट होते? साधे निळे कपडे आणि हेल्मेट. १९८६ मध्ये त्या चॅलेंजरमधले सातजण दगावले, मग सूट आले. तेव्हा तर क्रुश्चेव्ह नव्हता ना कोणाच्या मानगुटीवर?

खडूस काका

बरोबर आहे, शटलवालेही तितकेच दोषी. पण दुसऱ्याच्या घरी चोरी झाली म्हणून आपल्या घरातली माफ होत नाही.

शिवाय वोस्खोदमध्ये निभावलं, म्हणून ती सवय झाली, हा माझा खरा मुद्दा आहे. पुढच्या सोयुझ यानातही तिघे, आणि तिघांना सूटसकट जागा नाही. सोयुझ ११ आठवा. १९७१ चा जून. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह, पात्सायेव्ह. खरं तर ही राखीव तुकडी. मूळ तुकडीतल्या कुबासोव्हच्या फुप्फुसावर डाग दिसला, क्षयाची शंका आली, म्हणून अख्खी तुकडी बदलली. सॅल्यूत हे जगातलं पहिलं अंतराळस्थानक. हे तिघे तिथे तीन आठवड्यांहून जास्त राहिले, देश रोज टीव्हीवर त्यांना बघत होता.

३० जूनला परत येताना यानाचे भाग सुटे झाले, त्या हिसक्याने हवेचा एक व्हॉल्व्ह उघडला. तो उघडायचा होता जमिनीपासून चारेक किलोमीटरवर, उघडला १६८ किलोमीटरवर, आतली सगळी हवा बाहेर. व्हॉल्व्ह हाताने बंद करायची सोय होती, पण बंद करायला जितका वेळ लागतो तितका वेळ माणूस शुद्धीवर राहत नाही. माणसं बसलेली कुपी पॅराशूटने अगदी व्यवस्थित उतरली. शोधपथकाने झाकण उघडलं तर तिघे आपापल्या खुर्चीत. अंगावर जखम अशी नाही. तिथेच गवतावर झोपवून छातीवर दाब देत राहिले बिचारे, उपयोग नव्हता.

सूट असते तर वाचले असते.

मेघना_स

मला सूटपेक्षा लपवाछपवी जास्त खुपते. गागारिनच्या उड्डाणाच्या २० दिवस आधी बोंदारेन्को नावाचा २४ वर्षांचा अंतराळवीर-उमेदवार चाचणीच्या बंद खोलीत भाजून गेला. खोलीत ऑक्सिजन जास्त, स्पिरिटचा कापूस शेगडीच्या तारेवर पडला. हे जगाला कळलं १९८६ मध्ये! जानेवारी १९६७ मध्ये अमेरिकेच्या अपोलो १ यानातले तिघे शुद्ध ऑक्सिजनमध्येच जळाले. आधी सांगितलं असतं तर?

आणि पहिल्या बाईचं कौतुक करणाऱ्यांनो, दुसरी सोव्हिएत बाई (साविट्स्काया) वर जायला १९८२ उजाडलं. १९ वर्षं. यादीत टिकमार्क झाला, विषय संपला.

चौकस७२

मेघनाताई, दुसऱ्या मुद्द्याला +१. पहिल्याशी असहमत. ऑक्सिजनमध्ये आग कशी भडकते हे अमेरिकनांना ठाऊक होतं, त्यांच्याकडेही चाचण्यांत आगी लागल्या होत्या. माहीत असून केलं. त्याचं पाप रशियाच्या माथी नको.

बायकोनूरचा बंड्या

काका, गोष्ट १९७१ ला थांबवलीत, तिथेच गोम आहे. पुढचं मी सांगतो. त्यानंतर त्यांनी तिसरी खुर्चीच काढून टाकली. दोघेच जाणार, आणि दोघेही सूट घालून. १९७३ च्या सोयुझ १२ पासून. तिसरी खुर्ची परत यायला १९८० उजाडलं, तीही सूटसकट. दिखाऊपणा करणारा देश नऊ वर्षं आकडा कमी करून बसतो का? तेव्हापासून सोयुझच्या उड्डाणात एकही माणूस दगावलेला नाही. शटल बंद झाल्यावर २०११ ते २०२० अमेरिकन कशाने वर जात होते? ह्याच ‘एस्टी’ने, तिकीट काढून.

आणि सूट काय, सुटकेची सोय काय, त्याचं एक उदाहरण. २६ सप्टेंबर १९८३, बायकोनूरचा उड्डाणतळ. उड्डाणाआधी दीडएक मिनिट रॉकेटच्या बुडाशी आग लागली. तारा जळाल्यामुळे आपोआप सुटका होईना. खालच्या माणसांनी बटणं दाबून कुपी वर उडवली, पुढच्या दोन सेकंदांत रॉकेटचा स्फोट. आत टिटोव्ह आणि स्ट्रेकालोव्ह. पाच मिनिटांत चारेक किलोमीटरवर उतरले, अंग ठेचकाळलेलं पण जिवंत.

तोच स्ट्रेकालोव्ह सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ ला, त्याच बायकोनूरवरून परत वर गेला. त्या यानात तिसरं कोण होतं? आपले राकेश शर्मा.

चौकस७२

आयला! शर्मांचं उड्डाण आमच्या शाळेत वर्गात रेडिओ लावून ऐकवलं होतं. शेजारी बसलेल्याची ही कथा आज कळतेय.

खडूस काका

बंड्या, स्ट्रेकालोव्हपुढे मीही टोपी काढली. १९७३ नंतरच्या सोयुझबद्दल माझी तक्रार नाही, कधी नव्हतीही. पण १९६४ चं उड्डाण आजही त्याच यादीत त्याच अक्षरांत छापतात आणि १९७१ चे तिघे त्या यादीत कुठेच नसतात. तेवढं मी दरवर्षी येऊन बोलणार. धागा उडवायचा तर उडवा.